गुंतागुंतीचे माप

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीतील एक विद्यार्थी आकड्यांनी भरलेला एक लांबलचक कागद घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, प्रयोगशाळेतला संगणक बिघडला आहे. तो साधी बेरीज-वजाबाकीसुद्धा चुकतो." आरोप मोठा होता, म्हणून आम्ही तो कागद हाती घेतला.

त्याने यंत्रास घालून दिलेला नियम अगदी लहान होता. एक संख्या घ्यावी; तिची दुप्पट करावी; उत्तर १ किंवा त्याहून अधिक आल्यास त्यातून १ वजा करावा; जे उरेल त्यावर पुन्हा तोच नियम चालवावा. आरंभी त्याने ०.१ ही संख्या दिली होती. हे गणित सहावीतील मुलगाही तोंडी करील. ०.१ चे ०.२, त्याचे ०.४, त्याचे ०.८, मग १.६ मधून १ गेला म्हणजे ०.६, आणि १.२ मधून १ गेला म्हणजे पुन्हा ०.२. येथून पुढे ०.२, ०.४, ०.८, ०.६ हे चारच आकडे रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे एकामागून एक फिरत राहावयाचे. यंत्रानेही प्रथम तसेच केले होते. परंतु कागदाच्या तळाशी पाहतो तो ५० व्या पायरीस ०.४ च्या जागी ०.४०६२५, ५१ व्या पायरीस ०.८ च्या जागी ०.८१२५, ५२ व्या पायरीस ०.६२५, ५३ व्या पायरीस ०.२५, ५४ व्या पायरीस ०.५, आणि ५५ व्या पायरीस शून्य! शून्याची दुप्पट शून्यच. तेव्हा पुढे कागदभर नुसती शून्ये.

आम्ही त्यास त्या दिवशी इतकेच सांगितले की, यंत्राने एकही पायरी चुकविलेली नाही, आणि तरीही उत्तर खोटे आले आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे उलगडून दाखविण्यास मधली सुट्टी पुरली नाही. त्याचे ते राहिलेले उत्तर आम्ही येथे देत आहोत. त्याच्या सोबत्यांनी, व मुलाच्या अभ्यासात लक्ष घालणाऱ्या पालकांनीही, हाती पेन्सिल घेऊन ते वाचावे अशी आमची इच्छा आहे.

संगणक दहाच्या नव्हे, दोनच्या पटीत संख्या लिहितो. त्याचे अंक दोनच, शून्य आणि एक. आपल्या पद्धतीत एक तृतीयांश लिहू गेल्यास ०.३३३३ असे तीन कधी संपत नाहीत. त्याच रीतीने यंत्राच्या पद्धतीत एक दशांश कधी संपत नाही. यंत्राजवळ जागा ठरावीक, म्हणजे ५३ अंकांची. तेवढ्यात बसेल अशी ०.१ च्या सर्वांत जवळची संख्या ते घेते. ही संख्या ०.१ हून किंचित मोठी आहे. इतकी किंचित की, दशांश चिन्हापुढील अठराव्या स्थानी ५ हा अंक येतो, तेथपर्यंत भेद दिसतच नाही. पुढील प्रत्येक दुप्पट व प्रत्येक वजाबाकी यंत्राने तंतोतंत केली. ०.१ चा प्रवास त्याने दाखविला नाही. शेजारच्या घरातील निराळ्याच प्रवाशाचा प्रवास त्याने प्रामाणिकपणे दाखविला. दोघे प्रवासी आरंभी खांद्याला खांदा लावून निघाले आणि पन्नास-पंचावन्न पावलांत त्यांच्या वाटा फुटल्या.

आता खरा प्रश्न असा की, कोणत्या नियमात वाटा अशा फुटतात व कोणत्यात फुटत नाहीत? आणि फुटत असल्यास किती वेगाने? दोन काठ्यांत लांब कोणती हे आपण गजाने सांगतो, दोन पोत्यांत जड कोणते हे काट्याने सांगतो. तसे दोन नियमांत अधिक गुंतागुंतीचा कोणता हे सांगणारे माप आहे काय? असे माप आहे. त्यास गणिती लोक संस्थितिक एंट्रॉपी म्हणतात. नाव भारी आहे, पण नावास भिण्याचे कारण नाही. मूळ कल्पना केवळ मोजणीची आहे.

भिंतीवरचे घड्याळ डोळ्यांसमोर आणा व त्याचा तासकाटा काढून टाका. साठ मिनिटांची तबकडी व एकच काटा. पहिला नियम असा की, दर घंटेस काटा सात मिनिटे पुढे सरकवावयाचा. दुसरा नियम असा की, काटा बारापासून जितकी मिनिटे दूर असेल त्याच्या दुप्पट अंतरावर नेऊन ठेवावयाचा. साठ भरल्यास साठ सोडून द्यावयाचे. काटा सातावर असला तर पुढे १४, मग २८, मग ५६, मग ११२ मधून ६० जाऊन ५२, मग ४४. हा दुसरा नियम म्हणजेच आमच्या विद्यार्थ्याचा नियम. त्याने परिघास १ मानले, आपण ६० मानले, एवढाच फरक.

दोन्ही नियम संतत आहेत. म्हणजे जवळचे दोन बिंदू एका पावलात जवळच राहतात, कोठेही तुटून फाटून जात नाहीत. ५९ मिनिटे व १ मिनिट या खुणा बाराच्या दोन अंगांस शेजारी-शेजारी आहेत. दुप्पट केल्यावर त्यांच्या ५८ व २ होतात, म्हणजे तरीही शेजारीच. सरळ पट्टीवर हे साधले नसते, म्हणून आम्ही तबकडी घेतली.

आता शेजारी दुसरे घड्याळ टांगा, त्याचा काटा पहिल्याहून केवळ एक सेकंद पुढे. पहिल्या नियमाने दोन्ही चालवा. वर्षभर चालविली तरी अंतर एक सेकंदच राहील. दुसऱ्या नियमाने चालवा: अंतर २, ४, ८, १६ सेकंद असे वाढत दहाव्या पावलास १०२४ सेकंद, म्हणजे १७ मिनिटे ४ सेकंद होईल, अकराव्या पावलास ३४ मिनिटे ८ सेकंद. एका सेकंदाची नजरचूक अकरा पावलांत अर्ध्या तबकडीहून मोठी झाली!

हेच आता मोजणीच्या भाषेत मांडू. समजा आपली दृष्टी एका मिनिटाहून बारीक फरक ओळखू शकत नाही. मग नुसते एकदा पाहून आपणांस काट्याच्या ६० निरनिराळ्या स्थिती ओळखता येतील. पहिल्या नियमाने शंभर पावले काटा पाहत बसलो तरी ६० च ओळखता येतील. पाहत बसण्याने काही नवे हाती लागत नाही. दुसऱ्या नियमात मात्र एक पाऊल पाहिले की अर्ध्या मिनिटाचा भेद मोठा होऊन दृष्टीस पडतो, म्हणून १२० आरंभ वेगळे ओळखू येतात. दोन पावले पाहिली की २४०. तीन पाहिली की ४८०. आरंभ तेच होते. नियमाने ते उकलून दाखविले. दर पावलास ओळखू येणाऱ्या कथांची संख्या किती पट होते, तो गुणक हेच गुंतागुंतीचे माप. पहिल्या नियमाचा गुणक १, दुसऱ्याचा २.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "दृष्टी अधिक तीक्ष्ण असती तर?" प्रश्न योग्य आहे. सेकंद ओळखणारी दृष्टी असती तर मोजणी ६० ऐवजी ३६०० पासून सुरू झाली असती. पुढे ७२००, १४४०० असे आकडे आले असते, पण गुणक दोनच राहिला असता. इतकेच नव्हे, तबकडी रबराची करून ती कोठे ताणली, कोठे आवळली, मात्र फाडली नाही, तरी मोजणीचे आकडे बदलतील पण अखेरचा गुणक बदलणार नाही. आकार ताणल्या-वाकविल्याने जे बदलत नाही त्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास संस्थितिविज्ञान म्हणतात. मापाच्या नावातील पहिला शब्द तेथून आला. दुसरा शब्द जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियुस यांनी १८६५ साली उष्णतेच्या शास्त्रासाठी ग्रीक धातूवरून घडविला. तो १९४८ साली शॅनन यांनी संदेशवहनाच्या शास्त्रात उचलला, आणि १९५८ साली रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी गतीच्या नियमांस लावला. परंतु कोल्मोगोरोव्ह यांच्या मापात कोणती गोष्ट किती वेळा घडते, म्हणजे संभाव्यता, आधी ठाऊक असावी लागे. ती अट काढून टाकून केवळ संततपणाच्या बळावर माप १९६५ साली ॲडलर, कॉनहाइम व मॅकअँड्रू या तिघांनी अमेरिकेत दिले. त्यांच्या व्याख्येत अंतरसुद्धा मोजावे लागत नाही. आम्ही वर सांगितलेली, ओळखू येणाऱ्या कथा मोजण्याची रीत थोडी नंतरची. ती मॉस्कोचे दिनाबुर्ग यांनी १९७० साली व अमेरिकेचे रूफस बोवेन यांनी १९७१ साली स्वतंत्रपणे दिली. बोवेन त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. पुढे १९७८ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते वारले.

गुणक हाती आला की गणिती त्याचा लॉगॅरिथम घेतात व त्या आकड्यास एंट्रॉपी म्हणतात. असे का? दोन पावलांचे एक पाऊल मानले तर गुणक २ चा ४ होतो, तीन पावलांचे मानले तर ८. गुणाकार वाढत जातो. लॉगॅरिथम गुणाकाराची बेरीज करतो, म्हणून दुप्पट पावलांस दुप्पट एंट्रॉपी असा सरळ हिशेब बसतो. १ चा लॉगॅरिथम शून्य, तेव्हा सात-सात मिनिटे सरकणाऱ्या काट्याची एंट्रॉपी शून्य. आणि ते न्याय्यच आहे.

कोष्टकात २ चा लॉगॅरिथम ०.३०१० आहे. याचा अर्थ असा की, दुपटीचा नियम दर पावलास आपल्या माहितीचे सुमारे ०.३ दशांश अंक खाऊन टाकतो. ५५ ला ०.३०१ ने गुणा: सुमारे साडेसोळा येतात. यंत्राजवळ तेवढेच, सोळा-सतरा अंक होते! ते संपले त्याच पायरीस शून्य आले. म्हणजे यंत्र कोठे नापास होणार हे आपणांस ते सुरू करण्यापूर्वीच सांगता आले असते. अंकांची जागा दुप्पट असलेले यंत्र विकत आणले तर? साधारण तितकीच आणखी पावले मिळतील, फार नाही. अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ लोरेन्झ यांस १९६१ साली असाच अनुभव आला. ०.५०६१२७ हा आकडा यंत्रास पुन्हा देताना त्यांनी ०.५०६ एवढाच दिला, आणि थोड्या वेळाने परत येऊन पाहतात तो यंत्राने काढलेले हवामान पूर्वीच्या हवामानाशी मुळीच जुळेना. त्यांनाही प्रथम यंत्र बिघडल्याचीच शंका आली होती, हे आमच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे.

आतापर्यंत गुणक १ आणि २ पाहिले. मधले काही असते काय? येथे विषय आम्हांस सर्वांत गोड लागतो. त्यासाठी क्षणभर स्वयंपाकघरात जाऊ.

घडीची पोळी करताना कणीक लाटून ताणतात व मग दुमडतात. प्रत्येक वेळी पुरती दुप्पट ताणून एक घडी घातली तर पदर २, ४, ८, १६ असे वाढतात. गुणक दोन. १९८० साली पोलंडचे मिसियुरेविच व श्लेंक यांनी असे सिद्ध केले की, रेषाखंडास ताणून मोजक्या घड्या घालणाऱ्या संतत नियमाची एंट्रॉपी नुसते पदर मोजूनही काढता येते. आता समजा पट्टी सर्वत्र ताणली नाही. पट्टीवर १, २, ३ अशा तीन खुणा करा. १ ते २ ही डावी खोली, २ ते ३ ही उजवी. डावी खोली न ताणता जशीच्या तशी उचलून उजवीवर ठेवा. उजवी मात्र दुप्पट ताणा आणि २ ही खूण ३ वर राहील अशी उलटी फिरवून दोन्ही खोल्यांवर पसरा. पट्टी कोठेही तुटली नाही. १ ही खूण २ वर गेली, २ ही ३ वर, ३ ही १ वर. तीन पावलांत खूण स्वगृही परतते.

एखादा बिंदू दर पावलास कोणत्या खोलीत आहे ते लिहीत चला: डाव्यास 'डा', उजव्यास 'उ'. डाव्या खोलीतून उजवीतच जावे लागते. उजवीतून कोठेही जाता येते. म्हणून लगत दोन 'डा' कधीच येत नाहीत. एका अक्षराच्या कथा दोन. दोन अक्षरांच्या तीन: 'डाउ', 'उडा', 'उउ'. तीन अक्षरांच्या पाच, चारांच्या आठ, पाचांच्या तेरा, सहांच्या एकवीस. प्रत्येक आकडा मागील दोघांची बेरीज आहे. ताडून पाहावयाचे असल्यास चार अक्षरांच्या आठ कथा पाटीवर लिहून पाहाव्या. पाच मिनिटांचे काम आहे.

हे आकडे आपणांस मराठी व्याकरणाच्या तासालाही भेटावयास हवे होते. लघूची एक मात्रा, गुरूची दोन. तर चार मात्रांचा चरण किती प्रकारे रचता येईल? पाच. पाच मात्रांचा? आठ. 'डा' मागोमाग 'उ' अपरिहार्य असल्यामुळे 'डाउ' ही जोडी म्हणजे एक गुरू, आणि सुटा 'उ' म्हणजे लघू. कोडे एकच आहे. छंदःशास्त्राच्या निमित्ताने ही मोजणी आपल्या देशात विरहांक यांनी केली, पुढे सुमारे ११५० साली हेमचंद्र यांनी स्पष्ट मांडली. इटलीतील फिबोनाची यांचा ग्रंथ १२०२ सालचा. गतीच्या नियमांची गुंतागुंत मोजण्याचा प्रश्न त्या पंडितांपुढे नव्हता, हे खरे; परंतु मोजणी तीच.

या आकड्यांतील लागोपाठच्या दोहोंचे गुणोत्तर १.६१८ कडे जाते. तोच या नियमाचा गुणक. आणि यापुढचे सत्य आम्हांस प्रथम वाचले तेव्हा खरे वाटेना. रेषाखंडावरचा कोणताही संतत नियम घ्या. त्यात बरोबर तीन पावलांनी स्वगृही परतणारा एकच बिंदू जरी सापडला, तरी त्या नियमाचा गुणक १.६१८ हून कमी असूच शकत नाही. एका बिंदूच्या शिस्तबद्ध फेऱ्यावरून साऱ्या पट्टीतील गोंधळाची हमी मिळते! अशा नियमात तीनच काय, कोणत्याही पावलांनी परतणारे बिंदू असतात, हे कीव्हचे शार्कोव्हस्की यांनी १९६४ साली दाखविले होते. पाश्चात्त्य देशांत ते ली व यॉर्क यांच्या १९७५ सालच्या निबंधामुळे गाजले.

पालक विचारतील, याचा उपयोग काय? एक सांगतो. संगणकाच्या चुंबकीय तबकडीवर माहिती शून्य व एक अशा खुणांनी नोंदतात. दोन 'एक' अगदी लगत आले तर पूर्वीच्या वाचणाऱ्या यंत्रांस ते स्पष्ट दिसत नसत. म्हणून लगत दोन 'एक' येऊ नयेत असा निर्बंध त्या काळी घालीत असत. लगत दोन 'डा' येऊ नयेत, तोच हा निर्बंध. मग एका घरात किती माहिती मावेल? १.६१८ चा दोन पायावरील लॉगॅरिथम सुमारे ०.६९४ आहे. तेव्हा दर घरी ०.६९४ हून अधिक माहिती कोणीही, कोणत्याही युक्तीने भरू शकणार नाही. परंतु दोन अंकांसाठी तीन घरे खर्च केली तर दर घरी ०.६६७ होते, आणि ते शक्य कोटीतील आहे. अशा सांकेतिक लेखनाची रीतसर पद्धत १९८३ साली ज्या तिघांनी दिली त्यांतील एक ॲडलर, म्हणजे १९६५ सालच्या त्या तिघांपैकीच एक.

एक सावधगिरी मात्र हवी. एंट्रॉपी हे नियमाचे माप आहे, बिंदूचे नव्हे. दुपटीच्या नियमाचा गुणक दोन असला तरी शून्यापासून निघालेला काटा शून्यावरच राहतो, आणि ०.१ पासून निघालेला चार घरांत फिरत राहतो. ०.१ स्वतः अत्यंत आज्ञाधारक आहे. त्याचे शेजारी तसे नाहीत, आणि यंत्राच्या हाती शेजारी लागला.

हे सारे ऐकल्यावर आमच्या त्या विद्यार्थ्याने पुढील आठवड्यात यंत्रास दशांशांऐवजी अपूर्णांकांत हिशेब करावयास लावले. अंश एक, छेद दहा. आता हजार पायऱ्या गेल्या तरी चार आकडे फिरत राहिले. एक सप्तमांश दिला तर तीन घरांत फिरू लागला. विजयी मुद्रेने तो कागद दाखवावयास आला तेव्हा आम्ही त्यास २ च्या वर्गमुळातून १ वजा करून, म्हणजे ०.४१४२१३५… पासून, आरंभ करावयास सांगितले. हा अपूर्णांकांत मावत नाही. काटा अर्ध्या तबकडीच्या अलीकडे असला तर ०, पलीकडे असला तर १, असे लिहीत जावयाचे. त्याने हाताने पहिले आठ अंक काढून आणले: ०, १, १, ०, १, ०, १, ०. नंतर काही काळ शून्येच येतात, त्यामुळे आपले काही चुकले असे त्यास वाटले. पण चुकले नव्हते. या ओळीत पुढे शून्ये व एक निम्मे-निम्मे येतात काय, असे त्याने विचारले. ते जगात आजवर कोणासही सिद्ध करता आलेले नाही, असे आम्ही सांगितले. तेव्हापासून त्याच्या वहीच्या मागल्या पानांवर ती ओळ वाढत आहे. सहामाही परीक्षेपर्यंत ती दोनशे अंकांवर गेली होती.